सभागृहाच्या पायऱ्या

(तोंगाच्या एका गावात लोसेच्या घराचा ओटा. टळटळीत दुपार. भाची सेइनी ओट्याखाली उन्हात उभी.)

सेइनी: एक शब्द, आत्या. एवढंच मागतेय. तुम्ही 'जा' म्हणालात की सगळ्या जणी उद्या सकाळी सभागृहात हजर होतील.

लोसे: आणि मी नाही म्हटलं तर?

सेइनी: तर मी एकटीच उड्या मारत बसेन.

लोसे: मार की. तुला छान जमतात उड्या.

सेइनी: चेष्टा नको ना. गावागावांची व्यायामाची स्पर्धा तोंडावर आलीय. माझ्या आरोग्यसंस्थेचे पाहुणे परत येणार आहेत. आणि माझ्या व्यायामाच्या वर्गाला काल कोण होतं माहीत आहे? मी आणि सभागृहातलं मांजर.

लोसे: वर ये. उन्हात भाजून निघशील. चटईवर बस. त्या खुर्चीवर नको, ती मला बघवत नाही.

सेइनी: कुठली? ही पांढरी?

लोसे: तीच. सभागृहाची आहे. मला पोचवून गेले, ती परत न्यायला कोणी आलं नाही. त्या शनिवारी तिच्यात बसवून चार जणांनी मला वर नेलं होतं ना, भट्टीत भाजायला डुक्कर नेतात तसं. एक जण दुसऱ्याला सांगत होता, 'तिकडून नीट धर, तिकडं जड आहे.'

सेइनी: पायऱ्या उंच आहेत, त्याला मी काय करू? समुद्राची लाट आली त्यानंतर सगळ्यांनीच ठरवलं, नवं सभागृह उंचावर बांधायचं. तुम्हीही हो म्हणालात.

लोसे: म्हणाले. तेव्हा मला दोन पाय होते.

सेइनी: मी मोसेसेकाकांना विचारलं होतं, एका बाजूनं उतार करता येईल का. ते म्हणाले, पुढचा भाग बिघडेल. लग्नाचे फोटो तिथेच काढतात.

लोसे: मोसेसेचं सोड. चर्चचा कारभारी आहे तो, त्याला देव आणि सिमेंट दोनच कळतं. तू माझ्या भावाची मुलगी आहेस.

सेइनी: मी तुम्हाला मनापासून बोलावलं होतं, आत्या. म्हटलं, बसून करायचे व्यायाम असतात. हातांचे, खांद्यांचे. पाय गेल्यापासून तुम्ही घराबाहेर पडला नव्हतात. म्हटलं, एकदा आलात की रोज याल.

लोसे: मग केले का ते हाताचे व्यायाम?

सेइनी: वेळ उरला नाही.

लोसे: वेळ उरला नाही. पाहुण्यांची भाषणं झाली. तुमच्या उड्या झाल्या. मी पुढं एका बाजूला, पंख्यानं वारा घेत बसलेली. मग तू माईक हातात घेतलास. काय म्हणालीस?

सेइनी: आत्या...

लोसे: नाही, सांग. माझ्या तोंडून ते निघत नाही.

सेइनी: म्हटलं, ही माझी आत्या. हिच्यासारखं नाचणारं या बेटावर कोणी नव्हतं.

लोसे: आणि?

सेइनी: आणि म्हटलं, आता बघा. शुगरनं काय केलं ते बघा.

लोसे: बघितलं सगळ्यांनी. पुढच्या ओळीतल्यांनी मागच्यांसाठी वाकून जागा करून दिली. त्या लाल टोपीवाल्या पाहुण्यानं तर गुडघ्यावर बसून फोटो काढला. दोन दिवसांनी ऑकलंडहून माझ्या लेकीचा फोन. रडतेय नुसती. तिच्या कारखान्यातल्या बायकांनी तिला दाखवला, 'ही तुमच्या गावची ना?' आईचा पाय कुठवर कापलाय ते तिला तिथं कळलं, मशीनसमोर उभं राहून. मी सांगितलं नव्हतं तिला. म्हटलं, येईल तेव्हा बघेल.

सेइनी: लोकांनी घाबरावं म्हणून बोलले मी. घाबरले तर हलतील. बाबांना कोणी घाबरवलं नाही. जो तो डबाबंद मांस घेऊन यायचा, 'खा सेमिसी, वाळलास.' खाता खाता गेले ते.

लोसे: माझ्या भावाला मध्ये आणू नकोस.

सेइनी: माझे वडील होते.

लोसे: हो. होते.

फाने: कोण भांडतंय गं? पाण्याच्या टाकीपर्यंत आवाज येतोय. अगं बाई, मास्तरीणबाई आल्यात! सरक जरा, मला बसायला दोघींची जागा लागते. लोसे, हे घे, नारळाच्या दुधात शिजवलेला टारोचा कंद. मीठ कमी घातलंय, शपथ.

लोसे: बस, फाने. ही म्हणते, मी तुम्हा बायकांना अडवून ठेवलंय.

फाने: कशापासून?

सेइनी: वर्गापासून, फानेमावशी. आत्यांना वाईट वाटलं म्हणून तुम्ही सगळ्यांनी येणं बंद केलंत, ते कळलं मला. म्हणून तर मी माफी मागायला...

लोसे: माफी मागायला नव्हती आलीस. शब्द मागायला आली होतीस.

फाने: थांबा थांबा. सेइनी, रागावू नकोस हं. मी अंगानं गोल आहे, पण मला गोल गोल बोलता येत नाही. तरण्या पोरी लोसेसाठी थांबल्या, ते खरं. आम्ही नाही. आम्ही कधीच्या थांबलोय. तुझ्या लक्षात आलं नाही.

सेइनी: असं कसं? तुम्ही तर पहिल्या दिवसापासून होतात.

फाने: होते की! पहिल्या रांगेत होते. मग तू तो वजनकाटा आणलास आणि एकेकीचा आकडा मोठ्यानं वाचलास. माझा वाचलास तेव्हा सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी गेल्यावर नाही हसले. तरी आले दुसऱ्या दिवशी. मग गुडघ्याचं दुखणं निघालं. तू म्हणालीस, मावशी, जरा मागे उभ्या राहा, बाकीच्यांचा ताल चुकतो. गेले मागं. मागून तू दिसेनास, म्हणून दारात. दारात वारा बरा होता. मग वाटलं, दारातच उभं राहायचं तर पायऱ्या कशाला चढा? बसले खालच्या पायरीवर. तिथं म्हातारी विका आधीच बसलेली, आणि ती दुकानवाल्याची सून, जिला धाप लागते. गाणी ऐकली थोडे दिवस. मग म्हटलं, तुझी गाणी काय, घरीही ऐकू येतात.

सेइनी: कोणी मला एका शब्दानं बोललं नाही.

फाने: गेल्या वेळी तू स्पर्धा जिंकलीस ना. तो एवढा मोठा काळा स्पीकर मिळाला गावाला. लोक रस्त्यावर नाचले. त्यात कोण उठून म्हणणार, बाई, आम्हाला उडी मारता येत नाही?

सेइनी: पण ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्याच तुम्ही. तुमच्यासाठीच तर हा वर्ग...

फाने: हो का? वाटलं नाही गं तसं.

सेइनी: मग आता? सगळ्या नुसत्या घरात बसून?

फाने: नुसत्या असं नाही. लोसे, सांगू?

लोसे: तू सांगितल्याशिवाय राहणार आहेस का?

फाने: ऊन उतरलं की आम्ही इथं जमतो. त्या नीरफणसाच्या सावलीत. रविवार सोडून, रविवारी घाम गाळला तर मोसेसे डोळे वटारतो. बसून नाचतो. आपले जुने बैठे नाच गं, ओळीत बसून करायचे. हात, मान, खांदे. लोसे शिकवते. परवा माझ्या काखेत असा गोळा आला, मला वाटलं, आलं बोलावणं. तरी ही म्हणते, 'कोपर वर! मेलेली कोंबडी धरलीय का?'

सेइनी: आत्या, तुम्ही शिकवता?

लोसे: शिकवत नाही. त्या बसतात, मी ओरडते.

सेइनी: मी रोज सकाळी या रस्त्यानं जाते. मला काहीच कळलं नाही.

फाने: संध्याकाळी तू दुसऱ्या गावांना हलवायला गेलेली असतेस.

सेइनी: सांगायचं तरी मला, आत्या.

लोसे: माईक घेऊन आली असतीस.

सेइनी: बरं. बोला, अजून बोला. आज ऐकायलाच बसलेय. आत्या, हा मोजा कसला? एवढ्या उकाड्यात?

लोसे: लेकीनं पाठवलाय.

फाने: लोकरीचा! मी पण तेच म्हटलं. काल नाचताना माशा...

लोसे: फाने.

फाने: होत्या, लोसे. मी हाकलत होते. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

सेइनी: मोजा काढा, आत्या.

लोसे: उद्या बघू.

सेइनी: आत्ता काढा.

लोसे: कोणाशी बोलतेस? तुझ्या बापाची थोरली बहीण आहे मी. तुमच्या घरात माझ्या शब्दाशिवाय लग्न लागत नाही आणि प्रेत उचललं जात नाही. हात लावलास तर याद राख.

सेइनी: नाही लावत. तुम्हीच काढा. मला इथे आल्यापासून वास येतोय. वाटलं, परसात काहीतरी मेलंय. बाबांच्या खोलीत हाच वास होता. आई चटया धुवायची, वाळवायची, परत धुवायची. तो जायचा नाही.

फाने: लोसे, कधीपासून गं?

लोसे: त्या शनिवारनंतर. कुबडी टेकत परसात निघाले होते, पोवळ्याच्या खडकाचा तुकडा लागला. एवढासा. मला कळलंही नाही. मागं वळले तर जमिनीवर लाल ठिपके, तेव्हा कळलं.

सेइनी: आणि गप्प राहिलात? हाकेच्या अंतरावर राहते मी!

लोसे: म्हणूनच गप्प राहिले.

सेइनी: म्हणूनच?

लोसे: तुला दाखवलं की दवाखाना. दवाखान्यात कापणार. मग पाहुणे परत येणार, परत त्या पायऱ्या, परत तो माईक. आणि तू म्हणणार, आता दोन्ही बघा.

फाने: अगं लोसे, असं नको बोलूस.

लोसे: का नको? एकच पाय गेलाय तोवर मी लोसे आहे, लंगडी झालेली लोसे. दुसरा गेला की मी दारावर चिकटवायचं चित्र. रात्रीची पडल्या पडल्या ठरवलं, सडू दे. पायासकट मी जाईन, पण परत वर जाणार नाही.

फाने: सेइनी, ऊठ. ओट्यावरून उतरून मातीत काय बसतेस? चटई आहे ना.

सेइनी: राहू दे, मावशी. इथेच ठीक आहे. आत्या, मी चुकले. लोकांना घाबरवायला गेले आणि तुम्हालाच घाबरवून ठेवलं, तेही माझ्यापासूनच. उद्या सगळ्यांसमोर मी माईकवर सांगते...

लोसे: अजिबात नको! माईकवर माफी मागितलीस तर परत माझंच नाव घेशील. परत सगळ्यांच्या नजरा खाली जातील. इथं म्हणालीस ना? ऐकलं मी. झालं.

सेइनी: नाही झालं. मोजा.

लोसे: बापावर गेलीस अगदी. फाने, तू काढ. हिनं हात लावायचा नाही.

फाने: थांब, बघू दे. अगं, चिकटलाय हा. दुखलं तर सांग.

लोसे: दुखलं असतं तर बरं झालं असतं.

फाने: देवा.

लोसे: काय झालं? मला तिथवर वाकता येत नाही. सेइनी, तू सांग. घाबरवू नकोस आणि लपवूही नकोस.

सेइनी: दोन बोटं काळी पडलीत. तळव्याला खोल जखम आहे, पू आलाय. लाली घोट्यापर्यंत चढलीय. आजच जायला हवं. आत्ता.

लोसे: पाऊल राहील?

सेइनी: मला माहीत नाही.

लोसे: हं. त्या शनिवारी तुला सगळं माहीत होतं.

सेइनी: माझी गाडी बाहेर उभी आहे. उठा.

लोसे: ती रंगवलेली? 'उठा, हला, जगा' लिहिलेली? तिच्यात मी बसणार नाही.

फाने: आमच्या ह्यांचा ट्रक आणते. मागं माती असेल, पण तू पुढं बस ऐटीत. मी मागं बसते, तोल सांभाळायला कोणी हवंच.

लोसे: आण. मोसेसेला कळू देऊ नकोस, नाहीतर रविवारी प्रार्थनेत माझं नाव घेईल. आणि सेइनी, आतून माझी कमरेला गुंडाळायची मानाची चटई आण, ती बारीक विणीची. ती न गुंडाळता मी चारचौघांत, दवाखान्यात जायची नाही.

सेइनी: आणली. बांधू?

लोसे: मी बांधते. तू नुसतं टोक धर.

सेइनी: ट्रकपर्यंत कसं न्यायचं तुम्हाला? तुम्ही सांगाल तसं करू.

लोसे: कोणी उचलायचं नाही. बसून सरकत जाते मी. आठवडाभर तशीच वावरतेय. बघवत नसेल तर तिकडं तोंड कर.

सेइनी: बघवेल. खाली खडी आहे पण, आत्या. पुढे चटया अंथरू?

लोसे: अंथर. नीट अंथर, सुरकुती नको.

•

(काही दिवसांनी. मोठ्या इस्पितळात, वरच्या मजल्यावर लोसेची खाट.)

लोसे: ये. फाने नाही आली?

सेइनी: गुडघा सुजलाय त्यांचा. उद्या येतील. कढण पाठवलंय. खाली डॉक्टर भेटले मला.

लोसे: मलाही भेटले. दोन बोटं गेली, पाऊल आत्तापुरतं आहे. आठवड्यानं बघू म्हणाले. 'बघू' म्हणताना माझ्याकडं नाही, पेनाकडं बघत होते.

सेइनी: थोडं आधी आणलं असतं तर...

लोसे: ते तेही म्हणाले. तू नको म्हणूस. वर्गाचं काय?

सेइनी: सभागृहात घेत नाही आता. काल खाली गवतावर घेतला. सगळ्यांना बसवलं. फानेमावशींनी सुरुवात केली, पण त्यांना तुमच्यासारखं ओरडता येत नाही.

लोसे: आलं कोण कोण?

सेइनी: विका आली, भिंतीला टेकून बसली. दुकानवाल्याची सून आली, मधेच दम खाल्ला, परत लागली. मोसेसेकाकांची बायकोसुद्धा आली, तिला कंबर वाकवता येत नाही हे मला माहीतच नव्हतं. तरण्यांतल्या निम्म्या मात्र उठून गेल्या. म्हणाल्या, हे म्हाताऱ्यांचं काम, आम्ही शेजारच्या गावात जातो.

लोसे: आणि स्पर्धा?

सेइनी: नाव मागे घेतलं. संस्थेचे लोक चिडलेत. बसलेल्या बायकांचा व्हिडिओ कोण बघणार, म्हणाले.

लोसे: नोकरी जाईल तुझी?

सेइनी: जाईल बहुतेक.

लोसे: मग त्या तरण्यांना कशाला बसवलंस? ज्यांना उड्या मारायच्यात त्यांनी माराव्यात, शेजारीच, त्याच गवतावर. आधी आम्हाला बाहेर ठेवलंस, आता त्यांना. हे तर तेच झालं, तोंड फिरवून.

सेइनी: मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल.

लोसे: माझ्यासाठी करू नकोस काही. मी इथं पडलेय. त्या पोरींच्या घरी जा, एकेकीच्या. बोलाव.

सेइनी: जाते. आत्या, तो फोटो. गावच्या दवाखान्याच्या दारावर मोठा करून लावला होता संस्थेनं. तो मी काढून टाकला.

लोसे: काढू दिला?

सेइनी: विचारलं नाही. पण लोकांच्या फोनमधला... तो नाही काढता येत.

लोसे: माहीत आहे. लेक म्हणाली.

सेइनी: येतेय ना ती?

लोसे: रजा मिळाली तर. पाणी दे. नको, राहू दे. तो पडदा ओढ जरा.

सेइनी: ऊन लागतंय?

लोसे: नाही. खांदे आखडलेत पडून पडून. हात हलवायचेत, आणि ती समोरच्या खाटेवरची बाई टक लावून बघत असते.

सेइनी: ओढला. मी बाहेर थांबते मग.

लोसे: नको. तू बस.